नुसतं साम्य पुरेसं नाही: जीबीएस आणि मॉलिक्युलर मिमिक्री

मॉलिक्युलर मिमिक्रीची व्याख्या तुम्हाला पाठ असेल. जंतूचा एखादा रेणू आपल्या शरीरातल्या रेणूसारखा असतो, म्हणून जंतूवर सोडलेला मारा आपल्यावरच उलटतो. नाशिकमध्ये पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर पुढच्या प्रश्नाचीही तयारी ठेवा: "हे सिद्ध कसं करणार?" उत्तरासाठी आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. हातापायांना मुंग्या येतात, ताकद जाते, काहींना तर व्हेंटिलेटर लागतो. एरवी हा आजार वर्षाला लाखात एक-दोन जणांना होतो. इथे काही आठवड्यांत संशयित आणि निश्चित मिळून आकडा दोनशेच्या पुढे गेला. अनेकांना आधी जुलाब झाले होते. एनआयव्हीच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस.

आता पोटातला जिवाणू आणि पायातली नस यांचा संबंध काय? या जिवाणूच्या काही स्ट्रेन्सच्या बाह्य आवरणावर, लिपोऑलिगोसॅकराइडवर, शर्करेची एक साखळी असते. ती आपल्या नसांवरच्या जीएम१ गँग्लिओसाइडच्या साखळीसारखी असते. बी पेशी जिवाणूविरुद्ध अँटीबॉडी बनवतात, त्या नसेवरच्या जीएम१लाही चिकटतात. तिथे कॉम्प्लिमेंट जागृत होतं, रॅनव्हिएर नोडची रचना बिघडते, मॅक्रोफेज आत शिरतात आणि संदेश अडतो. म्हणून लक्षणं जुलाबानंतर लगेच नाही, तर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. अँटीबॉडी तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच!

गोष्ट पटते. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. चार गोष्टी तपासाव्या लागतात:

१. संसर्ग आणि आजार यांचा संबंध लोकसंख्येत दिसतो का?
२. रुग्णात स्वतःच्या रेणूविरुद्धच्या अँटीबॉडी किंवा टी पेशी सापडतात का?
३. जंतूवर तो सारखा रेणू खरोखर आहे का?
४. त्या रेणूने प्राण्यात तोच आजार निर्माण करता येतो का?

जीबीएसच्या एका प्रकारात, जिथे नसेच्या अक्षतंतूवर म्हणजे अ‍ॅक्सॉनवर हल्ला होतो, या चारही पायऱ्या पूर्ण झाल्या आहेत. जपानच्या नोबुहिरो युकी यांच्या गटाने १९९३ मध्ये रुग्णाकडून मिळालेल्या जिवाणूवर जीएम१सारखी रचना दाखवली. २००४ मध्ये त्यांनी सशांना तेच लिपोऑलिगोसॅकराइड टोचलं. सशांत जीएम१विरोधी अँटीबॉडी तयार झाल्या आणि पाय लुळे पडले. इतका भक्कम पुरावा फार थोड्या ऑटोइम्यून आजारांत आहे.

तरीही एक कोडं उरतं. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. एक कारण जिवाणूत आहे: ती साखळी बनवणारी जनुकं सगळ्या स्ट्रेन्समध्ये नसतात. पण तोच स्ट्रेन पोटात गेलेल्या बाकीच्यांचं काय? त्यांच्या बी पेशी स्वतःच्या रेणूबाबत गप्प का राहतात? शिवाय टी पेशी सहसा प्रथिनांचे तुकडे ओळखतात, शर्करा नाही. मग या बी पेशींना मदत कोण करतं? ऱ्हुमॅटिक फिव्हरमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे स्ट्रेप्टोकोकसचं एम प्रोटीन आणि हृदयाचं मायोसिन, दोन्ही प्रथिनं असल्याने टी पेशीही थेट सहभागी होतात.

आता पुण्याकडे परत या. शौचात जिवाणू सापडला, एवढ्यावरून त्या रुग्णाचा आजार मिमिक्रीमुळेच झाला असं म्हणता येईल का? नाही. त्या स्ट्रेनमध्ये ती जनुकं आहेत का, रुग्णाच्या रक्तात जीएम१विरोधी अँटीबॉडी आहेत का, हे पाहावं लागेल. आणि नोरोव्हायरस सापडलेल्यांचं स्पष्टीकरण वेगळं द्यावं लागेल.

पुढच्या वेळी एखाद्या पेपरमध्ये "मिमिक्री" हा शब्द दिसला की त्याच्या समासात १ ते ४ आकडे लिहा आणि पूर्ण झालेल्या पायरीवर खूण करा. बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीचीच खूण होईल, कारण संगणकावर दोन क्रम जुळवणं सोपं असतं. ज्या पायऱ्या कोऱ्या राहतील, तिथे तुमचा संशोधन-प्रश्न असू शकतो.