भाजलेल्या बोटाला कोमट पाणीही का झोंबते?

तव्याचा चटका बसलेल्या बोटावर कोमट पाणी पडलं तरी आपण 'आई गं!' म्हणून हात मागे घेतो. दुसऱ्या हाताला मात्र तेच पाणी छान वाटतं. पाणी एकच, मग फरक कुठे? फरक आहे आपल्या चेतापेशींत.

वेदनेचे दार

वेदना ओळखणाऱ्या चेतापेशींच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. त्यातल्या एकाचे नाव टीआरपीव्ही-१. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते उघडते. मग कॅल्शिअम व सोडिअमचे आयन आत शिरतात, विद्युत संदेश तयार होतो आणि मेरुरज्जूमार्गे मेंदूकडे जातो. मिरचीतले कॅप्सेसिनही हेच दार उघडते, म्हणून ठेचा खाल्ला की तोंड भाजल्यासारखे होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधले. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

कायनेज काय करते?

जखम झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन अशी रसायने तयार होतात. ती चेतापेशीला बाहेरून खबर देतात. मग पेशीच्या आत प्रथिन कायनेज ए आणि प्रथिन कायनेज सी ही विकरे कामाला लागतात. कायनेज म्हणजे एटीपीमधला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवणारे विकर. टीआरपीव्ही-१ ला फॉस्फेट चिकटला की बिजागरीला तेल घातल्यासारखे ते दार हलके होते. आता कोमट पाणीसुद्धा त्याला पुरते! पुढे फॉस्फटेज ही विकरे तो फॉस्फेट काढून टाकतात आणि दार पूर्ववत होते.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. खबरच कमी पोहोचते, म्हणून दुखणे कमी होते.

दुखणे हवेच कशाला?

काही मुलांमध्ये ट्रक-ए नावाच्या दुसऱ्या एका कायनेजच्या जनुकात जन्मतः दोष असतो. त्यांच्यात वेदनेच्या चेतापेशी नीट वाढतच नाहीत. भाजलं, हाड मोडलं तरी त्यांना कळत नाही आणि इजा वाढत जाते. म्हणजे दुखणे हा आपला पहारेकरी आहे. जखमेभोवती तो जास्तच सावध असतो, कारण तो भाग जपायचा असतो.

म्हणून जखम झालेला मित्र "नुसता हात लागला तरी दुखतं" म्हणाला, तर 'नाटक करतोय' असं म्हणू नका. त्याला खरंच दुखत असतं.

विचार करा: ठेचा खाल्ल्यावर गरम चहा जास्तच का भाजतो?