‘हा तोच का?’ : सीरियल किलर सापडतो कसा

या एपिसोडचा हा लिखित भाग. इअरफोन घरी राहिले असतील तर एसटीत बसल्या बसल्या वाचून काढा.

सीरियल किलरवरचा कुठलाही थ्रिलर घ्या. भिंतीवर फोटो, फोटोंना जोडणारे लाल दोरे, झोप उडालेला इन्स्पेक्टर. मला त्यात एक गोष्ट नेहमी खटकते. ते लाल दोरे पहिल्या वीस मिनिटांतच बांधून तयार असतात. खुनी एकच आहे हे सगळ्यांना आधीपासूनच माहीत असतं, फक्त त्याला पकडायचं बाकी असतं. प्रत्यक्षात मात्र खरं अवघड काम तो दोरा बांधण्याचंच आहे. हा खून आणि तो खून एकाच माणसाने केलाय, हे ओळखायचं कसं?

आमच्या घोडेगाव-जुन्नरकडच्या लोकांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. बिबट्याने हल्ला केला, वनखात्याने पिंजरा लावला, चार दिवसांत बिबट्या अडकला, की पारावर पहिला प्रश्न हाच येतो : "हा तोच का दुसराच?" प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यामुळे ओळख पटवता येते. पण ताडून बघायला त्याचा आधीचा फोटो असावा लागतो. फोटोच नसेल तर ठिपके कितीही वेगळे असले तरी उपयोग शून्य. माणसाचंही तसंच आहे.

आता मुंबईत जाऊ. १९६५-६६. पूर्व उपनगरांत रेल्वेलाइनच्या कडेला झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले व्हायला लागले. १९ जणांवर हल्ले झाले, त्यातले ९ मेले. चोरी म्हणावी तर त्यांच्याकडे चोरण्यासारखं होतं काय? पोलिसांनी संशयावरून एक फिरस्ता पकडला. त्याचं नाव रामन राघव. दरोड्याची शिक्षा भोगून आलेला, म्हणजे पोलिसांत त्याची फाइल होती. पण या हल्ल्यांचा ठोस पुरावा नव्हता, म्हणून त्याला सोडून दिलं.

१९६८ मध्ये पुन्हा तेच सुरू झालं. तशीच झोपलेली माणसं, तसाच डोक्यावर घाव. या वेळी तपासाची सूत्रं गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. त्यांच्या तपासात जुन्या संशयिताचं नाव, फोटो आणि वर्णन पुन्हा वर आलं. २७ ऑगस्ट १९६८ ला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यावरच्या एका माणसाला त्या वर्णनावरून ओळखलं आणि पकडलं. त्याने नाव सांगितलं सिंधी दलवाई. बोटांचे ठसे घेतले, जुन्या फाइलशी जुळवले, तर तो रामन राघवच निघाला.

हे वाचायला दोन ओळींचं वाटतं. पण विचार करा, १९६८ साली कॉम्प्युटर नाही. ठसे कागदावर, आणि असे कागद ढिगाने. नाव तर खोटं सांगितलेलं, मग नावाने शोधून काय मिळणार? हजारो कागदांतून एक कागद काढायचा कसा?

यामागची युक्ती मला एक इंजिनिअर म्हणून भयंकर आवडते. आपल्याच देशात, कोलकात्यात, १८९७ च्या सुमारास ही पद्धत उभी राहिली. नाव लागलं एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचं, पण त्यातलं डोकं बऱ्याच अंशी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांचं.

गंमत अशी आहे. बोटांच्या ठशांत काही ठिकाणी भोवऱ्यासारखी नक्षी असते, काही ठिकाणी नसते. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत १ ते १० क्रमांक द्या. आता जोड्या पाडा. पहिल्या जोडीत भोवरा असेल तर १६ गुण, दुसरीत ८, मग ४, २ आणि १. भोवरा नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ वर लिहायची, विषम बोटांची बेरीज अधिक १ खाली.

समजा एखाद्याच्या फक्त उजव्या तर्जनीवर आणि डाव्या अंगठ्यावर भोवरा आहे. तर्जनी दुसरं बोट, १६ गुण. डावा अंगठा सहावं बोट, ४ गुण. दोन्ही सम. म्हणजे वर २१, खाली १. त्याचा कागद २१/१ च्या कप्प्यात. वर ३२ शक्यता, खाली ३२, एकूण १०२४ कप्पे. शोधताना सगळं कपाट उपसायचं नाही, थेट त्या कप्प्याशी जायचं आणि तेवढेच कागद भिंगाने बघायचे. कोडिंग करणाऱ्यांनी ओळखलं असेल, हे सरळसरळ हॅश टेबल आहे, लाकडी कपाटातलं.

पण याची मर्यादा बघा. ही पद्धत माणूस हातात आल्यावर चालते, आणि त्याचा कागद आधी तयार असेल तरच. रामन राघवचा कागद होता. ज्याची कुठेच नोंद नाही, त्याचं काय?

त्यासाठी पुण्याची केस बघू. १९७६-७७. टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातले चार विद्यार्थी : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच एका वर्गमित्राला मारलं आणि मृतदेह लपवला. घरच्यांच्या लेखी तो मुलगा फक्त बेपत्ता. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघे. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर वृद्ध संस्कृत पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह त्या घरातले पाच जण. पुण्यात दिवेलागणीलाच दारं बंद व्हायला लागली. तुमच्या आजी-आजोबांपैकी कोणी तेव्हा पुण्यात असेल तर विचारून बघा, अजूनही आवाज खाली करून बोलतात.

मार्च १९७७ मध्ये त्यांनी ओळखीतल्या आणखी एका तरुणाला मारून मृतदेह नदीत सोडला. तो बुडून राहिला नाही, वर आला. त्याला बांधायला वापरलेली नायलॉनची दोरी आणि तिच्या गाठी आधीच्या खुनांशी जुळल्या. मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने मुलांना वेगवेगळं बसवून चौकशी केली, जबाबांत मेळ बसेना, आणि त्यांचाच एक साथीदार पुढे माफीचा साक्षीदार झाला. एकूण दहा खून. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. म्हणजे थ्रिलरमधला तो लाल दोरा इथे खरोखरच दोरी होती.

आता दोन्ही केस शेजारी ठेवा. पुण्यात दोन घरांतला हाहाकार अख्ख्या शहराने पाहिला. पण पहिला मुलगा? तो तेव्हा मोजणीतच नव्हता, कारण तो ‘बेपत्ता’ होता. कोल्हापूरच्या गावित मायलेकींच्या प्रकरणातही तेच. १९९० ते १९९६, वेगवेगळ्या शहरांतून मुलं पळवली जात होती आणि प्रत्येक मूल कुठल्या तरी वेगळ्या ठाण्याच्या वहीत एकटंच बेपत्ता होतं. वह्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आज त्या बोलतात. देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या एका जाळ्यात जोडलेली आहेत, ठशांसाठी २०२२ पासून नाफिस ही राष्ट्रीय यंत्रणा आहे. १०२४ कप्प्यांचं काम मशीन करतं. पण मशीनला तेवढंच माहीत, जेवढं कोणी लिहून दिलंय. आपल्या तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात बाहेरगावची माणसं फडाशेजारी कोप्या घालून राहतात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर आदिवासी पट्ट्यातली माणसं पहाटे कामाच्या शोधात उभी असतात. त्यांतला एखादा संध्याकाळी परत आला नाही तर ‘गावाकडं गेला असंल’ म्हणून विषय संपतो. रामन राघवने नेमकी अशीच माणसं निवडली होती.

म्हणून शेवटी कामाचं. माणूस हरवला तर ‘चोवीस तास थांबा’ असा कुठलाही कायदा नाही, लगेच तक्रार देता येते. मूल हरवलं असेल तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय. आणि गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने फिर्याद घेतली जाते, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तर ते स्पष्टच लिहिलंय. शेजारच्या कोपीतल्या माणसाला हे माहीत नसेल, त्याला लिहिता येत नसेल, तर त्याच्यासोबत ठाण्यात जा. तक्रारीची प्रत मागून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.