घाट चढताना धाप लागते?

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाटावरच्या मराठी घरांना पायऱ्यांचं अप्रूप नाही. पण मधुमेह्याला त्या चढताना नुसती धाप लागली, तरी दुखणं हृदयाचं असू शकतं. जुन्या मधुमेहाने नसा बधिरतात, छातीत कळ येतच नाही. अशांसाठी ‘टीएमटी’ : सरकत्या पट्ट्यावर चालताना ईसीजी. ब्रूस पद्धतीत दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. नाडीचं लक्ष्य 220 वजा वय, त्याचे 85 टक्के; साठीत 136. पायाला जखम असेल तर चालण्याचा हट्ट नको, औषधाने ताण देऊन इको करतात. त्रास नसलेल्या मधुमेह्यांनी मात्र उगाच तपासणीसाठी धावू नये : अशाच मधुमेह्यांवरच्या 2009च्या ‘डायड’ अभ्यासात सरसकट हृदय-स्कॅनने झटके कमी झाले नाहीत. धाप लागणाऱ्यांसाठी बीएचयूच्या सर सुंदरलाल रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे.