ड्रोनच्या कवचाला तडा : वेळीच आवरा

आपल्या काही घरांतली पोरं आता कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन सोडून उभ्या उसाची पाहणी करतात. चांगली गोष्ट आहे. पण त्याचे कवच प्लॅस्टिकचे असते, हे विसरू नये.

तडा बहुधा स्क्रूच्या भोकाशी किंवा पंख्याच्या दांड्याच्या मुळाशी जातो. कारणे साधीच : स्क्रू नको तेवढा आवळणे, ढेकळांत आदळत उतरवणे, यंत्र उन्हात तापत ठेवणे. पेट्रोल-थिनरने पुसले तरी प्लॅस्टिकला बारीक भेगा पडतात. बॅटरी काढून किंचित ओलसर फडक्याने पुसावे.

तडा केसाएवढा असतानाच बॅटरी व कवच काढा. तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळत नाही. जागा खरवडून आतून इपॉक्सी व पातळ काचकापड लावा. पुरते वाळू द्या. पंख्याचे पाते चिरले असेल तर मात्र चिकटवाचिकटवी नको, पातेच बदला.

शेवटी आम्ही एवढेच सांगू : फडात तोडणी चालू असते, खाली माणसे वाकलेली असतात. धड ड्रोनही त्यांच्या डोक्यावरून नेऊ नये. तडा गेलेला तर मुळीच नको.