बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत?

श्रावणातल्या एका सकाळी आमची आते विहिरीवरून येताना जांभ्याच्या पायरीवर घसरली. रत्नागिरीत पाऊस दोन महिने कोसळला की जांभ्यावर शेवाळ धरतं आणि रोजच्या वाटेवरसुद्धा पाय ठरत नाही. तोल सावरायला तिनं उजवा हात टेकला आणि अंगाचं सगळं वजन मनगटावर आलं. तासाभरात मनगट टम्म सुजलं. शेजारपाजारचे जमले. जो येई तो तिला बोटं हलवायला सांगे, आणि ती हलवून दाखवी. "हलतायत की! मोडलं असतं तर हलली असती का? मुका मार आहे," असा निकाल लागला. आंबेहळदीचा लेप लागला, वरून फडकं आलं. नवव्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाच्या जरा वर मोडलेलं आणि मागे सरकलेलं निघालं. नऊ दिवसांत ते वाकड्या जागीच जुळू पाहत होतं. ते बसवताना आतेला जो त्रास झाला, तो टळण्यासारखा होता.

बोटं हलली म्हणजे हाड शाबूत, हा समज घराघरांत इतका पक्का आहे की त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. तो का चुकीचा, हे कळायला पुस्तक लागत नाही. उजव्या हाताची बाही वर करा. डाव्या हातानं कोपराच्या चार बोटं खाली घट्ट पकडा आणि उजव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. डाव्या तळव्याखाली काहीतरी सळसळताना लागेल. बोटं हलवणारे स्नायू तिथे आहेत; थोडे तळव्यात आहेत. खुद्द बोटांत स्नायू नाहीतच. कोपराखालच्या स्नायूंपासून लांब, चिवट दोर निघतात, मनगटावरून जातात आणि बोटांच्या हाडांना जाऊन चिकटतात. या दोरांना कंडरा म्हणतात. आतेचं हाड मनगटाशी मोडलं होतं, पण वरचे स्नायू आणि त्यांचे दोर धड होते. म्हणून बोटं हलली. ती हलली यावरून एवढंच कळलं, की दोर तुटलेले नाहीत.

मग ओळखायचं कशावरून? एका ठरावीक जागी बोटानं दाबलं की जीव जातो अशी कळ येणं, वाढत जाणारी सूज, हाताचा आकार बदललेला दिसणं, हातावर भार देता न येणं. यातलं काहीही असलं तर एक्स-रे हवाच. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटं हाड असतं, त्याची चीर कधी कधी पहिल्या एक्स-रेत दिसतसुद्धा नाही. दुखणं राहिलं तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. आणि हाडवैद्याकडे जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. कामट्या लावून करकचून बांधलेल्या हाताची बोटं थंड, निळसर किंवा बधिर होऊ लागली, किंवा दुखणं बांधल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं, तर ते बांधणं त्याच घटकेला सोडवा आणि दवाखाना गाठा. आत रक्त पोचत नाही, आणि काही तासांत स्नायू कायमचे मरतात. प्लास्टरच्या बाबतीतही हेच.

स्नायूंबद्दलची दुसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते: स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना पाहिलंय? दोर ओढता येतो, दोरानं ढकलता येत नाही. स्नायूचंही तसंच. मग आपण दार ढकलतो ते कसं? एक हात भिंतीला लावून जोर द्या आणि दुसऱ्यानं दंडाची मागची बाजू चाचपा. ती दगडासारखी झालेली असेल. मागचा स्नायू कोपराच्या टोकाला ओढतो, त्यामुळे हात सरळ होतो आणि दार पुढे जातं. हात दुमडायला दंडाच्या पुढचा स्नायू, सरळ करायला मागचा. शरीरात सहाशेहून जास्त स्नायू आहेत आणि हाडं हलवणाऱ्या बहुतेकांचा समोर ओढणारा जोडीदार असतो. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा आपण म्हणतो शीर चढली. शीर कुठेच चढत नाही. पोटरीचा स्नायू आखडून सैल व्हायचं विसरलेला असतो. म्हणून पायाचा चवडा हातानं नडगीकडे ओढला, की पोटरी ताणली जाते आणि गोळा सुटतो.

या 'शीर' शब्दानंच आपला बराच घोटाळा केला आहे. रक्तवाहिनी ती शीर, मज्जातंतू तीही शीर, आणि आखडलेला स्नायूही शीरच. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वाकवा. मध्यभागी एक ताठ दोरी उठून दिसेल. लोक तिला नस समजून घाबरतात. ती कंडरा आहे, आणि कित्येक निरोगी माणसांच्या हातात ती जन्मतःच नसते. तुमच्या हातात दिसली नाही तरी काही बिघडलेलं नाही, पकड कमी होत नाही. शब्दांचा हा गुंता जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 500 पेशी आणि 900 स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आणि स्नायू म्हणजे हाडं-सांधे बांधून ठेवणारे दोर. हिंदीत आजही मांसल भागाला पेशीच म्हणतात. मराठीनं मात्र 'स्नायू' शब्द मांसाला दिला आणि 'पेशी' सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सजीवाच्या घटकाला. म्हणून हिंदीतलं व्यायामाचं पुस्तक वाचणारा मराठी मुलगा हमखास गोंधळतो.

आता मणक्यातला गॅप. एसटीच्या प्रवासात पाठीचा विषय निघाला की निदान दोन जण तरी सांगतात, "माझ्या मणक्यात गॅप आलाय." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं की भिंतीतले दोन चिरे फाकलेत आणि मध्ये फट पडलीय. त्यामुळे माणूस धास्तावतो, वाकायचं सोडतो, कंबरेचा पट्टा वर्षानुवर्षं सोडत नाही. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. पाठीच्या कण्यात एकमेकांवर रचलेले 24 सुटे मणके असतात आणि त्यांच्यामध्ये मिळून 23 चकत्या, म्हणजे आपण ज्याला गादी म्हणतो त्या. चकती एक्स-रेत उमटत नाही, म्हणून दोन मणक्यांमध्ये काळी मोकळी जागा दिसते. ती जागा असायलाच हवी. वय वाढतं तशी चकती सुकते, चेपते, आणि ती जागा कमी होते. डॉक्टर म्हणतात "गॅप कमी झालाय", पण घरी पोचेपर्यंत त्याचा "गॅप आलाय" होतो.

'गादी सरकली' हेही तसंच. गादी साबणाच्या वडीसारखी निसटत नाही, ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जखडलेली असते. तिच्या बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट थर असतात आणि आत मऊ गर. थर कमजोर झाले की एका बाजूला फुगवटा येतो. कधी थर फाटून गर बाहेर डोकावतो आणि पायात जाणाऱ्या मज्जातंतूला टेकतो. मग कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते. हे बहुतेकांचं काही आठवड्यांत, शस्त्रक्रियेविना बरं होतं. डोकावलेला गर पुष्कळदा आपोआप आटतो. ज्यांना कधी पाठदुखी झाली नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येही असे फुगवटे सापडतात, म्हणून कागदावर काय लिहिलंय यापेक्षा अंगाला काय होतंय ते महत्त्वाचं. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्या रात्रीच इस्पितळात जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

चकत्यांत बरंचसं पाणी असतं. दिवसभराच्या भारानं त्यातलं थोडं पिळून निघतं आणि रात्री झोपल्यावर पुन्हा भरतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण 1 ते 2 सेंटिमीटर उंच असतो. बारला लटकून उंची वाढली असं मुलांना वाटतं ते याचमुळे. ती वाढ संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. तालमीत लवकर गेल्यानं उंची खुंटते हेही खरं नाही, फक्त शिकवणारा जाणता हवा आणि वजन पेलेल इतकंच. चरबीचा स्नायू होत नाही आणि व्यायाम सोडल्यावर स्नायूची चरबीही होत नाही. दोन्ही वेगवेगळ्या पेशी आहेत, एक घटते, दुसरी वाढते, इतकंच. बोटं मोडल्यावर येणारा आवाज सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो, हाडं घासल्याचा नव्हे. अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड अंगर यांनी जवळजवळ 60 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि शेवटी दोन्ही हात तपासले. संधिवात एकाही हाताला नव्हता.

हाड म्हणजे निर्जीव, दगडासारखी वस्तू, हा समज तर सर्वांत खोल रुजलेला. दापोलीपासून राजापुरापर्यंत कुठल्याही कोकणी स्वयंपाकघरात याचा उलगडा होतो. बांगड्याचा काटा टणक, पण मुशीच्या तुकड्यात मधला भाग दातानं सहज चावला जातो. मुशी किंवा मोरी म्हणजे लहान शार्क, आणि शार्कला हाडच नसतं. त्याचा सांगाडा कूर्चेचा असतो, आपल्या कानाच्या पाळीवरच्या लवचीक भागासारखा. आईच्या पोटात आपला बराचसा सांगाडाही आधी कूर्चेचाच असतो. मग रक्तवाहिन्या आत शिरतात, चुना साठू लागतो आणि हळूहळू हाड तयार होतं. नवजात बाळाला 270च्या आसपास हाडं असतात, मोठेपणी ती जुळत जुळत 206 उरतात. त्यातली 106 फक्त हातापायांच्या पंजांत.

बाळाची टाळू हीदेखील याच कहाणीचा भाग. न्हाऊ घालणाऱ्या बायका टाळू 'भरण्यासाठी' तेल थापतात. हलक्या हातानं लावलेलं तेल काही बिघडवत नाही, पण टाळू तेलानं भरत नाही. कवटीची हाडं कडेनं वाढत येतात आणि साधारण दीड वर्षापर्यंत ती जागा बुजते. तिथे दाबू मात्र नये. आणि जुलाब लागलेल्या बाळाची टाळू आत गेलेली दिसली, तर ते अंगातलं पाणी आटल्याचं लक्षण आहे, तेलाची कमतरता नव्हे.

सुश्रुतानं 300 हाडं सांगितली, चरकानं 360, मग 206 कुठून आली, असं काही जण आव्हानाच्या सुरात विचारतात. चरकाच्या यादीत दात आणि नखंसुद्धा आहेत, सुश्रुताच्या यादीत कूर्चाही. कशाला हाड म्हणायचं याचा हिशेब वेगळा, एवढाच फरक. सुश्रुतानं शिकण्याची रीत मात्र अचूक सांगितली आहे: मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग कुंच्यानं एकेक थर खरवडत आतलं डोळ्यांनी पाहायचं. 2023मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आपल्या गावात शिकणारी मुलंही पहिल्या वर्षी हेच करतात, शरीर उघडून पाहतात, हाड हातात घेऊन त्यावरची प्रत्येक खोबण चाचपतात. ते जमतं कुणीतरी देहदान केलेलं असतं म्हणून.

प्लास्टर निघाल्यावर आतेला मी झाडगावच्या मत्स्यालयात घेऊन गेलो. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. ती बराच वेळ त्याच्या पराजवळ उभी राहिली. "हा तर हातच आहे रे," म्हणाली. होताच. दंडाचं आखूड हाड, त्यापुढे दोन हाडं, मग मनगट, मग बोटांच्या लांबलचक ओळी. तिनं स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातानं चाचपलं, अंगठ्याच्या बाजूला अजून किंचित उंचवटा लागत होता. मी तिला म्हटलं, आते, देवमाशाच्या मानेतही सातच मणके, तुझ्याही सातच, जिराफाच्याही सात. तिचा विश्वास बसेना. मग तिला मान पुढे झुकवायला सांगितली आणि तिचंच बोट मानेच्या मुळाशी उठणाऱ्या गाठीसारख्या हाडावर टेकवलं. तो सातवा.