औषधांना न जुमानणारे जंतू आणि यात्रेचे पाणी

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ‘चांगभलं’चा गजर होतो, सासनकाठ्या नाचतात आणि अवघा परिसर गुलालाने न्हाऊन निघतो. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून लक्षावधी भाविक जोतिबाच्या दर्शनास येतात. प्रत्येकाबरोबर त्याच्या आतड्यांतील असंख्य जंतूही डोंगर चढत असतात, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु पटकी, विषमज्वर व आमांश यांचे जंतू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. हा मार्ग पुरातन आहे. नवी आहे ती त्यांच्याजवळची शिदोरी: प्रतिजैविकांना दाद न देण्याचे सामर्थ्य.

हे सामर्थ्य केवळ वंशपरंपरेने चालत येत नाही, याचा उलगडा प्रथम जपानमध्ये झाला. तेथे १९५५ नंतर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम न जुमानणारे आमांशाचे जंतू आढळू लागले. चार निरनिराळे बदल एकाच जंतूत योगायोगाने घडावेत, हे जवळजवळ अशक्यच. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा या संशोधकांनी दाखवून दिले की, आतड्यातील साधा ई. कोलाय जंतू ही प्रतिकारशक्ती आमांशाच्या जंतूला देऊ शकतो. प्रतिकाराची जनुके ‘प्लाझ्मिड’ नावाच्या लहानशा वर्तुळाकार कड्यावर असतात. दोन जंतू परस्परांना चिकटले की कड्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही. एकाच कड्यावर अनेक औषधांची जनुके असल्याने एका देवघेवीत सारी औषधे निष्प्रभ ठरतात.

याचे परिणाम आपल्या उपखंडानेही भोगले आहेत. १९९२ मध्ये मद्रासमध्ये प्रकटलेल्या पटकीच्या नव्या जंतूत, एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणारा असाच जनुकांचा तुकडा पुढे सापडला. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात पसरलेल्या विषमज्वराच्या जंतूने प्लाझ्मिड मिळवून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही निष्प्रभ केले; तोंडाने घेण्याजोग्या औषधांपैकी अ‍ॅझिथ्रोमायसिनवरच मुख्य भिस्त उरली.

म्हणूनच साध्या हगवणीवर दुकानातून परस्पर आणलेली चार गोळ्यांची पट्टी ही घरापुरती बाब राहत नाही. ती संवेदनक्षम जंतूंना मारते आणि प्रतिकारक्षम जंतूंना मोकळे रान देते. असे आतडे मग जनुकांचे कोठार बनते. बहुसंख्य जुलाबांवर खरा उपाय जलसंजीवनीचा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले. तीव्र पटकी, विषमज्वर किंवा रक्ती आमांश असेल तेव्हा प्रतिजैविक जरूर हवे. पण ते वैद्याच्या सल्ल्याने आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत.

तथापि सारा भार रुग्णाच्या विवेकावर टाकून भागणार नाही. जेथे लक्षावधी माणसे एकत्र येतात, तेथे क्लोरिनयुक्त पाणी, पुरेशी शौचालये आणि सांडपाण्याची विल्हेवाट हीच जंतूंच्या देवघेवीची वाट रोखणारी खरी तटबंदी होय. नवे प्रतिजैविक शोधण्यास वर्षानुवर्षे लागतात. ते निष्प्रभ करणारी जनुके मात्र एका घोटभर पाण्यातून माणसामाणसांत पसरू शकतात. यात्रेकरूला निर्मळ पाणी देणे हे पुण्यकर्म म्हणून आपण पूर्वापार मानत आलो. आज तेच औषधांचे सामर्थ्य टिकविण्याचेही साधन आहे, एवढे व्यवस्थापकांनी आणि भाविकांनी ओळखले पाहिजे.