टाकीवरचा डाग आणि टाकीतला डाग

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोल्फच्या मैदानांवर जे गवत सर्रास लावतात, ते आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. तिथे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. आपण त्याला हरळी म्हणतो आणि त्याचीच कोवळी पाती गणपतीला वाहताना दूर्वा म्हणतो. रणरणत्या उन्हाला दाद न देणारी हरळी थंडीला मात्र नमते. जमिनीचं तापमान साधारण १० अंश सेल्सिअसखाली उतरलं, की तिची वाढ थांबते आणि पाती पेंढ्याच्या रंगाची होतात. खालची मुळं जिवंत असतात, पण मैदान उजाड दिसतं. यावर जुना उपाय म्हणजे थंडीत वाढणारं राय गवत वरून पेरणं. आता अनेक ठिकाणी बियाणं, पाणी आणि कापणी वाचवण्यासाठी झोपलेल्या हरळीवर सरळ हिरवा रंग फवारतात.

मैदान बघता बघता हिरवं होतं. त्याबरोबर फवारणी यंत्राची टाकी, नळ्या, चाकं आणि चालवणाऱ्याची बोटंही हिरवी होतात. मग संध्याकाळी धुणं सुरू होतं. आधी साबण, मग काथ्या, शेवटी ब्लीच. तरी हिरवा रंग हलत नाही. याच यंत्रावरचा निळा डाग मात्र त्याच ब्लीचने झटकन गेलेला असतो, आणि तांबूस डाग ब्लीच लावल्यावर उलट गडद झालेला असतो. एकाच टाकीवरचे हे तीन डाग तीन वेगळ्या रसायनांचे आहेत. ते घालवायचे, तर हाताच्या जोराआधी त्यांची ओळख लागते.

निळा : विरघळणारा

तणनाशक किंवा खत फवारताना कोणता पट्टा झाला आणि कोणता राहिला, हे कळावं म्हणून द्रावणात निळा खूणरंग मिसळतात. यासाठी वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी एक म्हणजे ॲसिड ब्लू ९. याच रेणूचं शुद्ध रूप ब्रिलियंट ब्लू या नावाने मिठाईत आणि सरबतात वापरायला परवानगी आहे.

हा रंग पाण्यात पूर्ण विरघळतो. त्याच्या रेणूवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे धन भार असलेल्या प्रथिनांना तो घट्ट धरतो. आपली त्वचा प्रथिनांची, लोकर आणि रेशीमही प्रथिनांचं. नायलॉनची रचनाही त्यांच्याशी मिळतीजुळती. टाकीच्या पॉलिथिनवर मात्र असा भारच नसतो. म्हणून टाकी पाण्याने स्वच्छ होते, पण हात आणि पंपाचा नायलॉनचा पट्टा निळा राहतो. उन्हात हा रेणू मोडतो आणि गवतावरचा रंग थोड्या दिवसांत उडतो. ब्लीच हेच काम मिनिटांत करतं, कारण ज्या रासायनिक बंधांमुळे निळा रंग दिसतो तेच ते तोडतं.

हिरवा : चिकटून बसणारा

गवत रंगवायच्या अनेक रंगांमध्ये थॅलोसायनीन कुळातलं हिरवं रंगद्रव्य असतं. या कुळाच्या उदयात एका फुटक्या भांड्याचा वाटा आहे. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंग कारखान्यात थॅलिमाइड नावाचं पांढरं रसायन तयार होत होतं. भांड्याच्या आतलं एनॅमल तडकलं होतं, खालचं लोखंड उघडं पडलं होतं, आणि पांढऱ्या मालात निळसर-हिरवा पदार्थ दिसू लागला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रेजिनाल्ड लिन्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली आणि १९३४ मध्ये ती प्रसिद्ध केली.

ती रचना थेट पानातल्या हरितद्रव्याची आठवण करून देणारी निघाली. दोन्हींत चार नायट्रोजन अणूंच्या कड्यात मधोमध एक धातू बसलेला असतो. हरितद्रव्यात तो मॅग्नेशियम असतो, गवताच्या रंगात तांबं. फरक पडतो तो पकडीत. पालक चिंच घालून शिजवला की खाकी होतो, कारण एवढ्याशा आम्लानेही हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटून जातं. थॅलोसायनीनमधलं तांबं असं सुटत नाही. हा रंग पाण्यात विरघळत नाही, उन्हाने सहज उडत नाही आणि घरातल्या ब्लीचलाही फारशी दाद देत नाही.

मग तो काढायचा कसा? खरं तर रंगद्रव्याचे सूक्ष्म कण टाकीला स्वतः चिकटत नाहीत. त्यांना चिकटवतो तो सोबतचा बंधक, बहुधा ॲक्रिलिकसारखा पॉलिमर. ओला असताना तो पाण्यात तरंगणाऱ्या बारीक थेंबांच्या रूपात असतो. पाणी उडालं की थेंब एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्यात जात नाही. भिंतीचा प्लॅस्टिक पेंट ब्रशवर वाळला की काय होतं, ते आठवा. म्हणून हिरव्या डागावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घाई. काम संपताच, नळ्या ओल्या असतानाच, साबणाच्या पाण्याने यंत्र धुवायचं. वाळलेला पापुद्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून पुसता येतो. पण यंत्राची पारदर्शक काच ॲक्रिलिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असेल, तर तिला ॲसिटोन किंवा थिनर लावू नये. ती धुरकट होते, तडकते. काथ्याने खरवडूही नये. प्रत्येक ओरखडा पुढच्या रंगाला बसायला जागा करून देतो.

तांबूस : हवेत तयार होणारा

गवताला गडद हिरवेपणा यावा आणि शेवाळ मरावं म्हणून मैदानांवर फेरस सल्फेट फवारतात. हीच आपली हिराकस. तिचं द्रावण फिकट हिरवं असतं. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं लोह फेरिक रूपात जातं आणि न विरघळणाऱ्या गंजासारखं साचतं. सिमेंट अल्कधर्मी असल्याने फरशीवर हा बदल आणखी झपाट्याने होतो. ब्लीच इथे आगीत तेल ओतल्यासारखं आहे, कारण ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे.

या डागाचा उपाय घरात पूर्वापार ठाऊक आहे. धोतरावर गंजाचा डाग पडला की त्यावर लिंबू चोळत. लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाच्या अणूला चारी बाजूंनी वेढतं आणि पाण्यात ओढून नेतं. ऑक्झॅलिक आम्ल हेच काम अधिक जोमाने करतं. मात्र ते विषारी आहे आणि साखरेसारखं दिसतं. हातमोजे, चष्मा आणि नाव लिहिलेली वेगळी बरणी हवीच. एक नियम तर कधीही मोडू नये : ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. टाकीत अमोनियम सल्फेटसारखं खत उरलं असेल आणि त्यावर ब्लीच पडलं, तर क्लोरामाइनचे घातक वायू तयार होतात.

आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराच्या ब्लोअरवरचा निळसर-पांढरा थर याच जातीचा. तो बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा. पाण्यात न विरघळणारी ती तांब्याची संयुगं सौम्य व्हिनेगरने सुटतात. चुना कमी पडला तर मोकळं तांबं लोखंडावर चढतं. म्हणूनच मिश्रणात लोखंडी पातं बुडवून त्यावर तांबूस थर येतो का, हे पाहण्याची पद्धत आहे.

ज्याला रंगच नाही

हे तिन्ही डाग डोळ्याला खुपतात, पण पिकाला त्यांचा फारसा धोका नसतो. खरा धोका रंगहीन असतो. टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणांवरचं तणनाशक हिरवळीवरही वापरतात आणि आपल्या शेतातही. त्याचा अंश नळीच्या आतल्या अस्तरात, गाळणीत, नोझलमागच्या कोपऱ्यात दबून राहतो. तोच पंप पुढे कपाशीवर गेला, तर पानं भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात. द्राक्षवेलीवर गेला, तर पानं पंख्यासारखी आक्रसतात. टाकी बाहेरून लख्ख असली तरी हे घडतं.

याला उतारा साध्या गणिताचा आहे. टाकीत १ लिटर द्रावण उरलंय आणि धुवायला ३० लिटर पाणी आहे, असं समजा. सगळं पाणी एकदम ओतून टाकी रिकामी केली, तर मागे राहणाऱ्या लिटरभरात औषधाचं प्रमाण ३१ व्या भागावर येतं. तेच पाणी १० लिटरच्या तीन हप्त्यांत वापरलं आणि दर वेळी लिटरभरच मागे राहिलं, तर प्रमाण दर वेळी ११ व्या भागावर येतं. तीन वेळा मिळून ते १,३३१ व्या भागावर येतं. पाणी तेवढंच, स्वच्छता चाळीस पटींहून अधिक. टू-फोर-डीसाठी पाण्यात थोडा घरगुती अमोनिया घालून ते नळ्यांत मुरू देतात, कारण अल्कधर्मी पाण्यात ते अधिक विरघळतं. त्याआधी टाकीत ब्लीचचा थेंबही नसावा. धुण्याचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ न ओतता, ज्या जमिनीवर ते औषध चालतं तिथेच पसरून फवारावं.

टाकीवर हिरवट झाक उरली म्हणून कोणाचं पीक जात नाही. म्हणून हाताशी वेळ आणि पाणी थोडंच असेल, तेव्हा काथ्या बाजूला ठेवावा, गाळणी आणि नोझल खोलावेत आणि तिसऱ्यांदा पाणी भरावं.